महिंद्रा एक्सयूव्ही ७००

(उच्चार : एक्सयूव्ही सेव्हन डबल ओ). महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीची कुटुंबासाठीची एसयूव्ही. पाच, सहा व सात आसनांत विकली गेली. बांधणी पुण्याजवळ चाकण येथे. १४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रथम लोकांसमोर आली. कंपनीचे नवे, दोन शिखरांचे बोधचिन्ह सर्वांत आधी याच गाडीवर बसले. ‘सात जणांची गाडी’ म्हणून तिची ख्याती झाली. प्रत्यक्षात ती पाच मोठ्या माणसांना ऐसपैस आणि उरलेल्या दोघांना सोसण्याजोगी आहे. तिच्याविषयीची बहुतेक मतमतांतरे या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

पूर्वपीठिका : सप्टेंबर २०११ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ५०० ची ही वारस. सांगाडा आणि बॉडी वेगळे न ठेवता एकसंध बांधलेली ५०० ही महिंद्राची पहिली एसयूव्ही. सुरुवातीची किंमत १०.८० लाख रुपये. बोलेरो-स्कॉर्पिओच्या परंपरेतल्या कंपनीने शहरी कुटुंबाचा विचार गंभीरपणे सुरू केला तो तिथपासून. ७०० मध्ये हाच विचार पुढे गेला. एकसंध बांधणीमुळे गाडीची फरशी स्कॉर्पिओ-एनच्या मानाने खाली आहे, आणि गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना पायरी न लावता चढता येते. जाहिरातीत या गोष्टीचा गाजावाजा झाला नाही. घरात मात्र रोज उपयोगी पडते ती हीच.

मापे : लांबी ४,६९५ मिमी., रुंदी १,८९० मिमी., उंची १,७५५ मिमी., पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,७५० मिमी. रुंदीमुळे मधल्या रांगेत तिघे दाटी न करता बसतात. पेठेतल्या बोळात किंवा जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीच रुंदी नडते.

इंजिने : २ लिटर टर्बो पेट्रोल (२०० पीएस) आणि २.२ लिटर डिझेल (मॉडेलप्रमाणे १५५ किंवा १८५ पीएस). सहा गिअरचा मॅन्युअल वा ऑटोमॅटिक. चारही चाकांना जोर फक्त वरच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये.

अंतर्भाग : डॅशबोर्डवर एकाच लांब काचेखाली १०.२५ इंचांचे दोन पडदे आहेत. २०२१ मध्ये या किमतीला हा थाट दुसरीकडे नव्हता. सगळ्यांत खालच्या एमएक्स मॉडेलला मात्र ८ इंचांचा पडदा मिळे. चालकाचे सीट पुढे-मागे करण्याची बटणे दारावर, सीटच्याच आकाराची. मर्सिडीजवरून उचललेली, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दार उघडले की चालकाचे सीट आपोआप मागे सरकते. छताला ‘स्कायरूफ’ नावाची मोठी सरकती काच आहे. सर्वांत वरच्या मॉडेलला सोनीचे बारा स्पीकर. वेगमर्यादा ओलांडली की घरच्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली सूचना वाजवण्याचीही सोय होती. तिचा वापर बहुधा पहिल्या आठवड्यापुरताच होत असावा.

टीका दोन प्रकारची झाली. पहिली, राहून गेलेल्या गोष्टींवर. हवेशीर सीट, चकाकी आपोआप मंदावणारा आतला आरसा आणि विजेवर उघडणारी डिकी या सोयी आरंभीच्या टॉप मॉडेलमध्येही नव्हत्या. याहून स्वस्त गाड्यांमध्ये त्यांतल्या एक-दोन मिळत होत्या. पुढच्या रांगेची हवेशीर सीट जानेवारी २०२४ मध्ये आली. दुसरी टीका रंगावर. वरच्या मॉडेलच्या आतला फिकट रंग शोरूममध्ये श्रीमंत दिसतो. पण तो मळखाऊ नाही. जीन्सचा निळा डाग, मुलांच्या बुटांची माती, पावसाळ्यातल्या ओल्या छत्र्या हे सगळे त्यावर दिसते. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर धूळ आणि बोटांचे ठसे उठतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘एबनी’ आवृत्तीत आतला भाग काळा करण्यात आला. ती शोभेची आवृत्ती मानली जाते. गृहिणीच्या नजरेने पाहिले तर ती दुरुस्ती होती.

आसनरचना : नोंदीचा हा भाग लांबला आहे, कारण सात आसनी गाडीची खरी परीक्षा इथे होते. मधली रांग रुंद, पाठीचा कोन बदलता येणारी. उंच माणसाचे गुडघेही मोकळे राहतात. पण ही रांग पुढे-मागे सरकत नाही. सरकणाऱ्या रांगेत घरच्या घरी तडजोड करता येते : मधल्यांनी चार बोटे जागा सोडली की मागच्यांचे पाय सुटतात. इथे ती वाटाघाट कंपनीनेच मिटवून टाकली आहे. मधल्यांना भरपूर, मागच्यांना उरेल ते.

शेवटच्या रांगेत जाण्यासाठी मधल्या रांगेतले डावीकडचे एकेरी सीट एका खटक्यात दुमडून पुढे उलटते. सोय चांगली आहे. मात्र त्याच जागी तान्ह्या मुलाचे सीट आयसोफिक्स कड्यांना अडकवलेले असेल, तर उलटण्याची वाट बंद होते आणि मागे जायला मुलाचे सीट काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लहान मूल आणि सात माणसे हे दोन्ही ज्या घरात आहे, तिथे मुलाचे सीट उजव्या बाजूला लावावे. पण मग मुलाला रहदारीच्या बाजूने चढवावे-उतरवावे लागते. विक्रेते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

मागे पोहोचल्यावर फरशी उंच लागते, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे पोटाकडे येतात. एसीचे स्वतंत्र झोत, बाटलीची जागा, बाजूची काच हे सगळे आहे. दहा-बारा वर्षांची मुले तिथे आनंदाने बसतात. मोठी माणसे पुणे ते लोणावळा बसतील. पुणे ते सावंतवाडी बसली, तर घाटात कुरकुर ऐकावी लागेल.

जानेवारी २०२४ पासून एएक्स७ व एएक्स७एल या वरच्या मॉडेलांत सहा आसनांचा पर्याय आला. मधल्या रांगेत दोन सुटी कॅप्टन सीट, त्यांच्यामधून मागे जायला वाट. वर सांगितलेला मुलाच्या सीटचा पेच यात सुटतो, पण एक माणूस कमी होतो. आजी-आजोबा मधे, मुले मागे, आई-वडील पुढे, अशा घराला हीच रचना सर्वांत सोयीची.

डिकी : तिन्ही रांगा उभ्या असताना मागे विमानातल्या हाताच्या सामानाएवढ्या दोन बॅगा उभ्या राहतात आणि वर थोडेफार सुटे सामान. शेवटची रांग अर्धी अर्धी दुमडते व सपाट होते. मग जागा एकदम मोठी. कोकणातून परतताना पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या असा हिशेब असेल तर मागची रांग पाडावी आणि निश्चिंत असावे. सात माणसे आणि पेट्या असा असेल तर टपावर कॅरिअर लागतो. तुलनेसाठी : टाटा सफारी तिन्ही रांगा उभ्या असताना जेमतेम ७३ लिटर जागा देते, स्कॉर्पिओ-एनची मागची रांग सपाट होत नाही. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या चाकांतील अंतर २,८५० मिमी. असून मागची रांग आणि सामान या दोन्ही बाबतींत ती स्पष्ट वरचढ आहे, पण तिच्यात डिझेल मिळत नाही.

किंमत आणि मोल : ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेला आकडा होता ११.९९ लाख रुपये. पाच आसनी, पेट्रोल, मॅन्युअल, एमएक्स. हाच आकडा मथळ्यांत गेला. टॉप मॉडेल बावीस लाखांच्या पुढे होते, आणि ज्या सुविधांमुळे गाडी गाजली त्यांतल्या बऱ्याचशा १.८० लाखांच्या ‘लक्झरी पॅक’मध्ये होत्या. म्हणजे स्वस्त होती ती एक गाडी आणि गाजली ती दुसरी. आरंभीच्या किमती पहिल्या २५,००० बुकिंगपुरत्या होत्या. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी ही बुकिंगे ५७ मिनिटांत संपली.

मे २०२४ मध्ये सात आसनी एएक्स५ सिलेक्ट १६.८९ लाखांना आली. स्कायरूफ, दोन पडदे आणि तिसरी रांग एवढे हवे असलेल्यांसाठी पैशाचे मोल सर्वांत जास्त इथे मिळत होते. जुलै २०२४ मध्ये एएक्स७ ची किंमत १९.४९ लाखांपासून करण्यात आली, चार महिन्यांपुरती म्हणून. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी व उपकर मिळून ४८ टक्के असलेला कर ४० टक्क्यांवर आला आणि त्यापायी किमती जास्तीत जास्त १.४३ लाखांनी उतरल्या.

एक्स-शोरूम किमतीवर विसंबून बजेट ठरवू नये. महाराष्ट्रात २० लाखांवरील डिझेल गाडीला १५ टक्के, तर पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहनकर पडतो. १० ते २० लाखांच्या टप्प्यात हेच दर अनुक्रमे १४ व १२. एकवीस लाखांच्या डिझेल गाडीचा कर ३.१५ लाख होतो, वर विमा आणि एक टक्का टीसीएस. टीसीएस प्राप्तिकरात वळता होतो, बाकीचे नाही. गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास वाहनकराचा दर आणखी चढतो.

सुरक्षितता : ग्लोबल एनकॅपच्या नोव्हेंबर २०२१ च्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे (१७ पैकी १६.०३), मुलांसाठी चार तारे (४९ पैकी ४१.६६). चाचणी दोन एअरबॅग असलेल्या गाडीची झाली. टॉप मॉडेलला सात एअरबॅग. हे तारे जुन्या नियमांनुसारचे असल्याने २०२२ नंतर कडक झालेल्या कसोटीशी त्यांची तुलना करू नये. रडार-कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा एएक्स७ पासून वर. द्रुतगती मार्गावर ती उपयोगी पडते. दुचाक्या मधे घुसणाऱ्या रस्त्यावर तिच्याविषयी मते फार भिन्न आहेत.

प्रतीक्षा व दोषदुरुस्ती : सेमीकंडक्टरच्या टंचाईत काही मॉडेलांसाठी वर्षाहून अधिक थांबावे लागले. जून २०२४ पर्यंत दोन लाख गाड्या तयार झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये इंजिनाजवळील वायरिंग घासण्याच्या शक्यतेमुळे ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम झाल्याची नोंद सर्व्हिस सेंटरमधून पाहून घ्यावी.

विशेष गाड्या : टोकियो ऑलिंपिक व पॅरालिंपिकमधील सुवर्णपदक विजेते नीरज चोप्रा, सुमित अंतिल व अवनी लेखरा यांना सोनेरी छटेच्या ‘जॅव्हलिन’ गाड्या भेट मिळाल्या. चाकाच्या खुर्चीवरून चढता-उतरता यावे म्हणून लेखरा यांच्या गाडीतल्या आसनात बदल करण्यात आला होता. गाडीच्या अंतर्भागावर झालेले हे सर्वांत अर्थपूर्ण काम. ते सर्वसाधारण ग्राहकापर्यंत पोहोचायला हवे होते.

निर्यात : दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया (२०२३ पासून).

पुढील आवृत्ती : ५ जानेवारी २०२६ रोजी सुधारित गाडी ‘एक्सयूव्ही ७एक्सओ’ या नावाने १३.६६ लाख रुपयांपासून बाजारात आली. डॅशबोर्डवर १२.३ इंचांचे तीन पडदे आले आणि ७०० हे नाव मागे पडले.