वलणी आणि वाळवंट : भंडारा परिसरातील हिवाळी धुण्याचा सामाजिक इतिहास

भंडारा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की अभ्यासकाची दृष्टी प्रथम पवनीकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथे केलेल्या उत्खननाने वैनगंगेच्या काठावरील प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणले. परंतु ज्या नदीच्या आश्रयाने ते स्तूप उभे राहिले, तिच्याच काठी पिढ्यान्‌पिढ्या दुसरेही एक कर्म चालत आले आहे. गावाची मळकी वस्त्रे धुऊन ती उन्हात वाळत घालणे हे ते कर्म होय. त्याचा शिलालेख कोणी कोरविला नाही. तथापि वस्त्र कोणी धुवावे, कोठे वाळवावे आणि वाळलेल्या वस्त्राला कोणाचा हात लागावा, या प्रश्नांची उत्तरे एखाद्या समाजाची घडण ताम्रपटाइतकीच स्पष्ट सांगू शकतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने हिवाळ्यातील वाळवणाचा विचार करावयाचा आहे.

१. ऋतूचे गणित

भंडारा शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर येतो व दिवस अकरा तासांहून किंचित लहान असतो. ऊन कोवळे, दिवस आखूड. मग कपडे वाळावे कसे, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु ओले वस्त्र केवळ उष्णतेने वाळत नाही. हवेत आणखी किती बाष्प सामावू शकते आणि वारा ते किती वेगाने दूर नेतो, यांवरही वाळण्याची गती अवलंबून असते. श्रावणात हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे कपडा दोन दोन दिवस दमट राहतो व त्याला कुबट वास येतो; पौषात उत्तरेकडून येणारी हवा कोरडी असल्यामुळे मंद उन्हातही धोतर दुपारपर्यंत खडखडीत होते. अडचण असते ती पहाटेच्या दवाची आणि नदीकाठच्या धुक्याची. म्हणून हिवाळ्यात दव उतरल्यावर दोरीवर घालावयाचे आणि दिवेलागणीपूर्वी काढावयाचे, असा धुण्याचा दिवस दोन्ही बाजूंनी आखला जातो. तान्ह्या मुलाचे कपडे रात्री बाहेर राहू देऊ नयेत हा घरोघरचा दंडक दृष्टबाधेच्या भयाने सांगितला जात असला, तरी दवाने भिजलेले बाळोते सकाळी उपयोगाचे नसते, हा व्यवहारही त्यात आहेच.

हाच काळ धानाच्या सुगीचा. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पावसाळ्यात वापरलेली पांघरुणे व गोधड्या धुण्यास कोरडी हवा मिळते तीही याच वेळी, आणि खळ्यावर रास पडून कारूंना त्यांचे वार्षिक धान्य मिळते तेही याच वेळी. धुणाऱ्याचे कष्ट आणि त्याचे वेतन अशा रीतीने एकाच ऋतूत एकत्र येत. पुढील विवेचनासाठी हा योग ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

२. वाळवंट : सेवेची जागा

रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) धोबी जातीचा परामर्श घेताना वरठी, परीट, रजक इत्यादी नावे एकत्र दिली असून त्यांपैकी वरठी हे मराठी प्रदेशातील नाव असल्याचे नमूद केले आहे. ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक ज्या गावी आहे त्याचेही नाव वरठी. परंतु केवळ नामसाम्यावर सिद्धान्त उभारणे शास्त्रशुद्ध होणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (१९१५) वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत परिटाचे स्थान निश्चित आहे, व बलुतेदारांच्या तीन ओळींपैकी त्याची गणना सामान्यतः मधल्या ओळीत होते.

परिटाचे खरे कार्यक्षेत्र घर नसून पाणवठा होय. खारी माती किंवा पापडखार यांच्या पाण्यात कपडे भिजवून ते भट्टीवर वाफवावयाचे, दगडावर आपटावयाचे आणि मग वाळत घालावयाचे, असा क्रम असे. पावसाळा सरल्यावर वैनगंगेचे पात्र आकसते व दोन्ही काठांना स्वच्छ वाळवंट उघडे पडते. मराठीत ‘वाळवंट’ म्हणजे नदीकाठची वाळूच, हे येथे आठवावे. या वाळूवर मोठी वस्त्रे पसरली जात. लहान कपड्यांसाठी बांबूच्या कैच्या उभ्या करून त्यांवर दुपेडी दोर ताणला जाई. दोराचे दोन पेड किंचित उकलून त्यांत कपड्याचे टोक अडकविले की वाऱ्याने तो उडत नाही. निराळ्या चिमट्याची गरजच पडत नाही. बांबू जिल्ह्यातला, दोर अंबाडीचा किंवा तागाचा, वाळू नदीची. या उद्योगाचे सारे भांडवल असे निसर्गाने पुरविलेले होते. पण म्हणूनच त्यावर परिटाचा लेखी हक्क कधीच निर्माण झाला नाही. याचे परिणाम पुढे दिसतील.

याच ऋतूत कोष्ट्यांच्या वस्तीतही दुसरे एक वाळवण चाले. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची गावे. ताण्याचे सूत रस्त्यावर ताणून त्याला खळ लावण्याची क्रिया, म्हणजे पांजणी, कोरड्या हवेतच साधते. वस्त्र जन्माला येताना आणि ते पुनःपुन्हा स्वच्छ होताना अशा दोन्ही वेळी त्याला मोकळी जागा व कोरडी हवा लागे.

३. वलणी : शुद्धीची रेषा

वाळवंटावरील दोर सेवेचा, तर घरातील वलणी शुद्धीची. सोवळे पाळणाऱ्या घरांत वलणी उंच टांगलेली असे आणि ओले धोतर वा लुगडे काठीने तिच्यावर चढविले जाई. हेतू हा की कोणाचा स्पर्श होऊ नये. हिवाळ्यात पहाटेच्या स्नानाच्या वेळी सोवळे दमट राहिले, तर धाबळी किंवा रेशमी मुकटा नेसण्याची सोय होती, कारण लोकरीला व रेशमाला सुताइतका विटाळ होत नाही असे मानले जाई. कोशाच्या या जिल्ह्यात अशा वस्त्राला मागणी असणे स्वाभाविक होते. हे कोशाचे वस्त्र प्रखर उन्हात न घालता सावलीतच वाळवावे लागते.

येथे एक विसंगती स्पष्ट होते. बाळंतपणाची व विटाळाची वस्त्रे परिटाने धुवावीत, अशी समाजाची अपेक्षा होती. पण त्याने धुतलेले वस्त्र सोवळ्याला चालत नसे, ते घरी पुन्हा पाण्यातून काढावे लागे. स्वच्छता त्याच्या हातची, शुद्धता मात्र त्याच्या हाताने नष्ट होणारी! स्वच्छता आणि शुद्धता या दोन कल्पना आपल्या समाजाने किती निराळ्या मानल्या होत्या, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. परीट समाजात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन स्वच्छतेलाच धर्माचे स्थान दिले, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक उलगडतो.

या भेदाची नोंद शासनदरबारीही झाली. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मध्य प्रांतातील धोबी जातीला सरसकट स्थान नव्हते. मोजक्या जिल्ह्यांपुरते ते देण्यात आले आणि त्यांत भंडारा होता. स्पर्शास्पर्शाचे नियम जिल्ह्यागणिक बदलत होते, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय. आज महाराष्ट्रात परीट समाज इतर मागासवर्गांत मोडतो, आणि अनुसूचित जातींत समावेशाची मागणी करताना भंडाऱ्याचा हा पूर्वाधार पुढे केला जातो. म्हणजे प्रश्न केवळ गतकाळाचा नव्हे.

४. दोरीचे स्थलांतर

विसाव्या शतकात धुणे हळूहळू वाळवंटावरून अंगणात आले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाल्यावर गिरणीचे कापड जवळ आले व सुलभ झाले. सनलाइट साबण १८८८ मध्ये भारतात आला. १९५९ मध्ये सर्फ व १९६९ मध्ये निरमा या धुण्याच्या पावडरी आल्या. खार आणि भट्टी यांचे जे ज्ञान परिटाच्या घरी वंशपरंपरेने राहत होते, ते आता पुडीत मिळू लागले. अंगणात लोखंडी तार आली, पुढे नायलॉनची दोरी आली. परंतु श्रम नाहीसे झाले नाहीत. त्यांचे फक्त स्थलांतर झाले. जे काम धान्याच्या मोबदल्यात, म्हणजे अल्प का होईना पण वेतनावर होत होते, ते बहुतांशी घरातील स्त्रीच्या वाट्याला विनावेतन आले. हिवाळ्याच्या सकाळी गार पाण्यात हात घालून तिने पिळलेले कपडे कोणत्याही बलुत्यात मोजले जात नाहीत. परिटाकडे उरली ती मुख्यतः इस्त्री.

याच सुमारास वाळवंटाचेही रूप पालटले. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा जलाशय भरू लागल्यावर त्याचा फुगवटा भंडारा शहराजवळच्या पात्रापर्यंत आला. हिवाळ्यात उघडी पडणारी वाळू त्या पट्ट्यात पाण्याखाली राहू लागली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून वैनगंगेत येते, त्यामुळे जलाशयाचे पाणीही पूर्वीचे राहिले नाही. धरणाने जमीन गेली की सातबाऱ्यावरून भरपाईचा हिशेब मांडता येतो. वाळवण्याची जागा गेली तर तो कोणत्या कागदावरून मांडावयाचा? ज्या हक्काची नोंदच झाली नाही, त्याची हानीही नोंदली जात नाही.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, भंडाऱ्याच्या सामाजिक इतिहासात कपडे वाळविण्याच्या दोन दोऱ्या दिसतात. एक वाळवंटावरची, दुसरी घरातली. पहिलीने सेवा मोजली, दुसरीने स्पर्श मोजला. आणि आज अंगणात जी तिसरी दोरी ताणलेली आहे, तिच्यावर कष्ट कोणाचे हा प्रश्न विचारलाच जात नाही. जमिनीचे व कराचे दप्तर आपल्यापाशी विपुल आहे, पण पाणवठा व वाळवंट यांच्या वापराचे दप्तर नाही. ते वृद्ध परीट स्त्री-पुरुषांच्या स्मरणात आहे, आणि स्मरणाला आयुष्याची मर्यादा असते. विभागातील विद्यार्थ्यांनी भंडारा, पवनी व तुमसर येथील घाटांवर जाऊन हे कथन आताच टिपून घेतले, तर उद्याच्या इतिहासकाराला या विषयाची सुरुवात नामसाम्यापासून करावी लागणार नाही.