मोडीचे वळण आणि बलूचे अक्षर

इंदूरच्या होळकर दरबारचा मराठी कारभार मोडीत चाले आणि देवघरातील पोथी बाळबोधीत वाचली जाई. दफ्तरात वेग हवा. म्हणून कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली गोलाईदार अक्षरे लिहीत जाई. पोथीत पाठशुद्धी हवी. तेथे प्रत्येक अक्षर सुटे व स्पष्ट. यात उच्चनीचतेचा प्रश्न नव्हता. प्रश्न औचित्याचा होता.

मुद्रणकला रुजली ती मात्र बाळबोधीच्या आश्रयाने. १८०५ साली मिरजेस ताम्रपटावर कोरून भगवद्गीता छापली गेली. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला व त्याच्या सुबक ठशांनी धर्मग्रंथ घरोघरी पोचविले. मोडीचेही ठसे पडले. परंतु विसाव्या शतकात ती व्यवहारातून उठली, आणि आज आपल्याच पूर्वजांचे कागद आपणांस परके झाले आहेत.

या पार्श्वभूमीवर ‘बलू’ या टंकाकडे पाहावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने २०१५-१६ च्या सुमारास तो सिद्ध केला. अक्षर ठळक, टोके गोलसर, अंगलट गुबगुबीत, नाव अस्वलाचे. देवनागरी असे जाड करणे सोपे नव्हे. वर शिरोरेघ, खाली जोडाक्षरे, भोवती मात्रा. रेघ फुगली की आतील पोकळी बुजते आणि ‘घ’ व ‘ध’ यांतील भेद लोपतो. याच कुळात इतर भारतीय लिप्यांची अक्षरे घडली व त्यांना त्या त्या प्रांतातील भावाची नावे मिळाली: गुजरातीत भाई, बंगालीत दा, पंजाबीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन. परवानाही असा उदार की, हा टंक कोणीही विनामूल्य वापरावा, त्यात फेरफार करावा, तो दुसऱ्यास द्यावा. केवळ तो सुटा विकू नये. कायद्याच्या अभ्यासकास हे दानपत्रच वाटेल.

देवाच्या नावास असले बाळसेदार अक्षर शोभते काय, असे वडीलधारी मंडळी विचारतील. आमचे उत्तर मोडीनेच दिले आहे. गीतेच्या पाठास ते शोभणार नाही. लांबलचक मजकूर त्यात वाचणेही कष्टाचे. पण उत्सवाची पाटी, महाप्रसादाची सूचना, बालसंस्कारवर्गाचा फलक यांना ते साजते. कारण ते लांबून वाचता येते आणि मुलांना जवळचे वाटते. इंदुरातील मराठी मूल आज बहुधा हिंदीतून शिकते. रोजच्या हिंदी लेखनात त्याला ‘ळ’ भेटत नाही. मराठी व कोंकणी या दोन्ही भगिनींचे हे अक्षर त्याला मंदिराच्या दारी ‘दीपमाळ’, ‘तुळस’, ‘देऊळ’ या शब्दांत ठळकपणे दिसले, तर ते त्याच्या ओळखीचे होईल. मोडी आपण हातची गमावली ती अनादराने नव्हे, तर अनुपयोगाने. ‘ळ’च्या वाट्यास ते येऊ नये.