सूर आधी, नाव मागाहून : रॉक गिटारवादकाच्या शोधाची मराठी वाट

रॉक संगीताचे चाहते एकत्र जमले की एक प्रश्न हमखास निघतो. आवडता गिटारवादक प्रथम कुठे भेटला? लंडन वा न्यूयॉर्कच्या चाहत्याकडे याचे उत्तर बहुधा तयार असते. थोरल्या भावाने आणलेली तबकडी, एखादी मैफल, वेष्टनावरचे छायाचित्र आणि त्याखाली छापलेले नाव. मराठी चाहत्याचे, विशेषतः परभणी जिल्ह्यातील पूर्णेसारख्या गावी वाढलेल्याचे, उत्तर असे सरळ येत नाही. सूर कधी ऐकला हे त्याला सांगता येते. तो कोणाच्या बोटांतून आला हे कळायला मात्र दहा, वीस, कधी तीस वर्षे गेलेली असतात.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. ज्या नदीवरून त्याला नाव मिळाले, ती याच तालुक्यात कंठेश्वर येथे गोदावरीला मिळते. निजामाच्या अमदानीत मनमाड आणि हैदराबाद यांना जोडणारा मीटरगेज मार्ग येथून गेला आणि हिंगोली-अकोल्याकडचा फाटाही येथेच फुटल्याने गावाला जंक्शनचा मान मिळाला. बदलीच्या नोकरीमुळे सिकंदराबाद, मनमाड, अकोला येथून कुटुंबे येत-जात राहिली. मुंबई साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. मराठवाड्यातील रूळ रुंद होईपर्यंत मनमाडला गाडी बदलल्याशिवाय तेथे पोहोचता येत नसे. काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये मुंबईकर ज्या परदेशी तबकड्या चाळत, त्या अशा गावांपर्यंत सहजी येत नसत. येत होते ते हिंदी चित्रपट आणि रेडिओ. इलेक्ट्रिक गिटार मराठवाड्यात आली ती याच दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटांवर वादकाचे नाव मागेच राहिले.

रेडिओवरील उद्घोषणेची घडी त्या पिढीला तोंडपाठ होती. चित्रपटाचे नाव, गायक, गीतकार, संगीतकार आणि मग गाणे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांनी लोकप्रिय केलेली 'बिनाका गीतमाला' असो किंवा १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती, या क्रमात वादकाला जागा नव्हती. तबकडीच्या वेष्टनावरही नव्हती. गाण्याच्या आरंभीची जी चार मापे ऐकून श्रोता आवाज वाढवायला धावत असे, ती वाजवणारा माणूस त्याच्या लेखी अस्तित्वातच नसे.

पडद्यावर तर गिटार भलत्याच हाती असे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधील 'दम मारो दम' या गाण्याची ओळख म्हणजे आरंभीची गिटार. ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. १९७३ च्या 'यादों की बारात'मधील 'चुरा लिया है तुमने' या गाण्यात झीनत अमान गिटार घेऊन दिसतात. ध्वनिमुद्रणातील गिटार पुन्हा भूपिंदर यांचीच. गंमत अशी की, हेच भूपिंदर मराठी श्रोत्याला खर्जातल्या आवाजाचे गझलगायक म्हणून उत्तम ठाऊक होते. एकाच माणसाचा गळा त्याला ओळखीचा होता आणि बोटे अनोळखी. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात दिलीप नाईक, भानू गुप्ता, रमेश अय्यर, सुनील कौशिक असे गिटारवादक होते. 'पंचमची गिटार' असे कौतुकाने म्हणणाऱ्या बहुसंख्यांना यांपैकी एकही नाव सांगता आले नसते.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलके उदाहरण १९८० सालचे आहे. सुभाष घई दिग्दर्शित 'कर्ज' या चित्रपटाचा नायक माँटी हा लोकप्रिय गायक. गिटारवर एक विशिष्ट धून वाजवताना त्याच्या डोळ्यांसमोर गतजन्मीची दृश्ये तरळू लागतात, आणि अखेरीस 'एक हसीना थी' या गाण्यात तीच धून खुनाचा उलगडा करते. संपूर्ण कथानक गिटारच्या काही सुरांवर तोललेले असण्याचे असे दुसरे उदाहरण हिंदी पडद्यावर शोधावेच लागेल. ऋषी कपूर यांच्या हातातील गिटार पाहून महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी घरी गिटारसाठी हट्ट धरला. ज्यांना ती मिळाली, त्यांनी पहिले काय वाजवून पाहिले असेल हे वेगळे सांगायला नको.

ती धून वाजवली होती गोरख शर्मा यांनी. संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे ते धाकटे बंधू आणि पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव. मेंडोलीन आणि गिटार या दोन्ही वाद्यांवर त्यांची हुकमत होती, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या असंख्य गाण्यांत त्यांचे वादन आहे. 'कर्ज'च्या संगीताबद्दल या जोडीला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांच्या मनात मात्र वादक म्हणून ऋषी कपूरच ठसले. त्या धूनेची कुळकथा आणखी मागे जाते. अमेरिकन जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्या 'वी ॲज लव्ह' या वादनाशी तिचे साम्य जाणकारांनी अनेकदा दाखवून दिले आहे. म्हणजे मराठवाड्यातील मुलाने पडद्यावर पाहिले ऋषी कपूर, ऐकले गोरख शर्मा, आणि त्याच्या कानी पडला तो बेन्सन यांच्या शैलीचा पडसाद. तिघांपैकी नाव फक्त पहिल्याचे कळले. पूर्वजन्माची ओळख सुरावरून पटवणाऱ्या चित्रपटाने आपल्याच वादकाची ओळख प्रेक्षकाला करून दिली नाही, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

असे का झाले, याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या व्यवस्थेत सापडते. वादक ठरावीक वेळेपुरता बोलावला जाई, त्या वेळेचे मानधन घेई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संगीतकाराकडे जाई. एका गाण्यात पन्नास-साठ वादक असत. सर्वांची नावे छापणे निर्मात्याला परवडण्यासारखे नव्हते, असा बचाव करता येईल. पण ज्या एका वाद्यावर गाणे उभे आहे त्याचेही नाव गाळले गेले, याला तो बचाव पुरत नाही. प्यारेलाल यांनी स्वतः एकदा हे ऋण निराळ्या रीतीने फेडले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील नायकाच्या गाण्यात आलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव त्यांच्या गोमंतकीय व्हायोलिनगुरूंचे होय. देशभर ते नाव गुणगुणले गेले. पण ते एका खऱ्याखुऱ्या वादकाचे आहे, हे पुष्कळांना वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते. येथे नाव गाजले आणि माणूस अज्ञात राहिला, एवढाच काय तो फरक.

पडद्याबाहेर गिटारवादक प्रत्यक्ष पाहण्याची संधी लहान गावांना मिळे ती गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रामध्ये. गायक-गायिकेच्या मागे, ढोलक आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी उभा असलेला लीड गिटारवादक दोन गाण्यांच्या मध्ये 'कर्ज'ची धून छेडी आणि मांडवातून 'वन्स मोअर' येई. त्याचेही नाव निवेदक घाईघाईने, कार्यक्रमाच्या अगदी शेवटी घेई आणि तोवर अर्धा मांडव उठलेला असे. तरीही अनेक मराठी चाहत्यांचा पहिला गिटारवादक खऱ्या अर्थाने हाच. विद्युत गिटारचा आवाज पेटीतून येतो, बोट तारेवर सरकवले की सूर रडल्यासारखा वाकतो, ही जादू चार-पाच हातांवरून पाहायला मिळाली ती येथे.

नावे गाळली जाण्याचा हा न्याय उलट्या दिशेनेही लागू झाला, हे नमूद केले पाहिजे. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन'चे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये त्यांनी वादन केले आणि मुंबईच्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ही मुद्रणे अधिकृतपणे बाहेर आली ती २०१५ मध्ये, 'कोडा' या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत. तेथे मुंबईकर वादकांचा उल्लेख 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असा सामूहिकच आहे. त्या वर्षी मुंबईत जगातला एक अग्रगण्य रॉक गिटारवादक वावरत होता आणि मनमाडच्या पलीकडे त्याची वार्ताही नव्हती.

नाव आणि चेहरा एकत्र येण्यास नव्वदचे दशक उजाडावे लागले. १९९१ मध्ये उपग्रहावरून 'एमटीव्ही' दिसू लागला आणि केबलच्या तारा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. 'गन्स अँड रोझेस'च्या 'नोव्हेंबर रेन' या १९९२ मधील चित्रफितीत उजाड माळावरील चर्चबाहेर उभा राहून वाजवणारा, उंच टोपी आणि कुरळ्या केसांआड चेहरा हरवलेला स्लॅश असंख्य मुलांनी पाहिला. गंमत पाहा, पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टीवर गाणे, बँड आणि अल्बम यांची नावे झळकत. गिटारवादकाचे नाव येथेही नव्हते. ते शोधावे लागे कॅसेटच्या घडीच्या कागदावर, बारीक अक्षरांत. नांदेड, औरंगाबाद वा पुण्याच्या वसतिगृहातून सुटीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवीत अशी एखादी कॅसेट असे. नकलेवर नक्कल होत गेलेल्या कॅसेटबरोबर तो कागद मात्र पुढे जात नसे, आणि ऐकणारा पुन्हा निनावी सुरापाशी येऊन थांबे.

याच काळात एका मराठी आडनावाने या शोधाला निराळे वळण दिले. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या बँडचे गिटारवादक महेश तिनईकर. गायक उदय बेनेगल, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया यांच्यासह हा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवण्यापुरता थांबला नाही. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम त्याने काढला, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असे नवे नाव घेतले आणि 'प्रिटी चाइल्ड'सारख्या चित्रफितींमुळे तो घराघरांत दिसू लागला. १९९७ च्या सुमारास बँड विसर्जित झाला, २०१० मध्ये पुन्हा जुळला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. लांब वाजवणारा गिटारवादक आपल्याच मुलखातला असू शकतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील अनेक मुलांना तिनईकर यांच्यामुळे प्रथम जाणवली. याच सुमारास, १९९३ मध्ये, अमित सैगल यांनी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक सुरू केले. भारतीय बँडमधील वादकांची नावे त्यात निगुतीने छापली जात. मुंबई-दिल्लीबाहेरच्या एका शहरातून हे काम व्हावे, यात काही आश्चर्य नाही. नावांची टंचाई तेथेच अधिक होती.

प्रत्यक्ष मैफलीचे ठिकाण म्हणजे मुंबईत धोबीतलावजवळचे रंगभवन. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तेथे गाजला. परिसरातील रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि रंगभवनातील रॉक मैफली पुढे थांबल्या. मराठवाड्यातून तेथे जाणारा चाहता विरळा. नव्वदच्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ आले, मनमाडची अदलाबदल संपली, आणि पूर्णेहून मुंबईला थेट जाणे शक्य झाले. २००५ मध्ये मार्क नॉफ्लर मुंबईत वाजवून गेले, २०१० मध्ये पुण्यात 'वीकेंडर' महोत्सव सुरू झाला, २०१५ मध्ये स्लॅश मुंबईत आला. पूर्णा-अकोला मार्गही २००८ मध्ये रुंद झाला होता. मैफल रात्री दहाला संपली की पहाटेपर्यंत फलाटावर बसून राहायचे, हा मात्र बाहेरगावच्या चाहत्याच्या अनुभवाचा भाग तसाच राहिला.

निनावी सुरांना नावे परत मिळू लागली ती या शतकात. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपटवादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेले 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या 'पंचम मॅजिक'सारख्या रसिकगटांनी राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील वादकांना प्रेक्षकांसमोर आणले. ज्या सुरावर तीस वर्षे जीव लावला, तो वाजवणारा पांढऱ्या केसांचा गृहस्थ समोर खुर्चीवर बसून तीच चार मापे वाजवतो आहे, असे दृश्य पुण्याच्या प्रेक्षकांनी पाहिले. दृक्‌श्राव्य मुलाखती इंटरनेटवर आल्यावर त्या पूर्णेतही पाहता येऊ लागल्या.

२६ जानेवारी २०१८ रोजी गोरख शर्मा यांचे निधन झाले. बहुतेक मृत्युलेखांत 'कर्ज'च्या धूनेचा उल्लेख होता, आणि ती त्यांनी वाजवली होती हे अनेक वाचकांना त्या दिवशीच प्रथम कळले. १८ जुलै २०२२ रोजी भूपिंदर सिंग गेले, तेव्हाही गझलांच्या जोडीने 'दम मारो दम'ची गिटार आवर्जून नोंदली गेली. मोबाइलवर गाणी पुरवणाऱ्या सेवांवर 'एक हसीना थी' शोधले, तर किशोरकुमार, आशा भोसले, आनंद बक्षी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही नावे दिसतात; गिटारवादकाचे नाव पाहायचे झाल्यास अजूनही दुसरीकडे जावे लागते.