माजघरातला अंधार

नाशिकचं नाव निघालं की द्राक्षं, चिवडा, मिसळ, कुंभमेळा अशी यादी सुरू होते. मी नाशिकचीच, त्यामुळे ती मला पाठ आहे. पण वैद्यकाच्या इतिहासात आमच्या गावाचं नाव मुडदुसामुळे येतं, हे मला अलीकडेच कळलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये माझं ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं दिसलं आणि मी चिडून वाचायला बसले. अख्खं बालपण उन्हात हुंदडलेल्या मुलीला उन्हाची कमतरता?

मुडदुसात लहान मुलांची हाडं मऊ राहतात. मूल उभं राहू लागलं की पाय धनुकलीसारखे वाकतात. धुरानं काळवंडलेल्या युरोपातल्या कारखान्यांच्या शहरांत एकोणिसाव्या शतकात हा आजार घरोघरी होता. थिओबाल्ड पाम नावाचा इंग्रज मिशनरी डॉक्टर जपानमध्ये काही वर्षं राहून परतला, तेव्हा त्याला हा फरक खुपला. जपानमध्ये त्याला मुडदूस जवळजवळ दिसलाच नव्हता. त्यानं देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं पाठवून माहिती गोळा केली आणि १८९० साली लिहिलं, की कारण ऊन आहे. मुलांना उन्हात बसवा. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

१९१९ साली एकदम दोन उत्तरं समोर आली. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबीनं कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, की कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं मुडदूस टळतो. म्हणजे दोष आहाराचा. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीनं आजारी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं आणि क्ष-किरणांच्या चित्रांत हाडं भरून येताना दिसली. एकाच हातावर किरण पाडले, तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे दोष उजेडाचा. खरं काय?

याच वादाच्या काळात नाशिकचा निबंध आला. हचिसन आणि शाह या दोघांनी १९२२ साली तो प्रसिद्ध केला. नाशिकमध्ये त्यांना जे दिसलं ते विलायती समजुतीच्या उलट होतं. तिकडे मुडदूस गरिबांच्या वस्तीत. इथे तो खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांत, मुसलमानांत तसाच वरच्या थरातल्या हिंदूंत. या घरांतली तान्ही मुलं आईसोबत आतल्या अंधाऱ्या खोल्यांत वाढत. याउलट मजुरी करणाऱ्या बाईच्या ताटात दूधतूप कुठून असणार? पण ती मुलाला घेऊन शेतावर जाई. तिच्या मुलाचे पाय सरळ होते.

तुटपुंजं खाणं आणि सरळ हाडं, चांगलं खाणं आणि वाकडी हाडं. आहार हेच एकमेव कारण असतं, तर हे घडलंच नसतं.

कोडं पुढच्या काही वर्षांत सुटलं. दोन्ही बाजू बरोबर होत्या. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचं एक भावंड असतं. त्याच्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. त्याशिवाय आतड्याला अन्नातलं कॅल्शियम नीट शोषता येत नाही. माशाच्या तेलात हेच जीवनसत्त्व आयतं असतं. बर्लिनच्या त्या दुसऱ्या हाताचं रहस्यही हेच: एका हाताच्या कातडीत तयार झालेलं रक्तातून दुसऱ्या हातापर्यंत पोचलं होतं.

नाशिकच्या निबंधातला मला सर्वांत बोचलेला भाग मात्र मुलींचा आहे. हा आजार वयात येणाऱ्या मुलींना पुन्हा गाठत होता, कारण त्याच वयात त्यांचं घराबाहेर पडणं बंद होई. मुलीची हाडं मऊ पडली की कमरेचा सांगाडा चिंबतो आणि बाळाला बाहेर यायची वाट अरुंद होते. काश्मीरमध्ये बायकांच्या दवाखान्यात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिलं. मोकळ्यावर कष्ट करणाऱ्या बायका सहज बाळंत होतात आणि पडद्यातल्या अडतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

‘अडली’ हा शब्द मी आजीकडून ऐकलाय. तिची आई, म्हणजे माझी पणजी, जुन्या नाशकातल्या वाड्यात नांदली; माजघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची काळोखी खोली एवढंच तिचं जग. चौथ्या खेपेला ती अडली आणि गेली. आजी हे नशिबाच्या खात्यावर टाकायची. प्रत्येक अडलेली बाई उन्हावाचूनच अडली असं नाही. तरी तो निबंध वाचल्यापासून मला त्या वाड्याच्या भिंती वेगळ्या दिसतात. बाईनं कुठवर जायचं हे घरानं ठरवलं, आणि ते तिच्या हाडांत उतरलं.

आता माझ्यावर कुणाची सक्ती नाही. फ्लॅट, कॅब, काचेचं ऑफिस, हे मीच निवडलंय. खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच जवळपास सगळे अडवते. लाडकं ‘कोवळं ऊन’ही इथे फार कामाचं नाही, सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन खरं कामाचं, आणि सावळ्या कातडीला ते जरा जास्त वेळ लागतं. अर्थात तेच किरण कातडी जाळतात आणि जास्त झाले तर कर्करोगाचा धोकाही वाढवतात. त्यामुळे भाजून घेण्यात शहाणपण नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी घेतेच आहे. शिवाय आता डबा खाऊन झाला की थोडा वेळ गच्चीवर जाते. मैत्रीण ओरडते, “काळी पडशील गं!” पणजीला हे ओरडायचीसुद्धा कुणाला गरज पडली नव्हती. तिच्यासाठी जिन्याचं दारच बंद होतं.