पदवी ते संशोधन : सातारा-सांगलीतील वाट आणि तिच्यातील अडसर

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत पदवी महाविद्यालयांची वानवा नाही. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, मिरज या तालुक्यांतच नव्हे, तर माण, खटाव, जत, आटपाडी अशा अवर्षणप्रवण भागांतही महाविद्यालये पोहोचली आहेत. शेतमजूर, अल्पभूधारक शेतकरी, ऊसतोड कामगार यांच्या घरांतील पहिली पदवीधर पिढी या महाविद्यालयांतून बाहेर पडत आहे. पदवीच्या पुढची, पदव्युत्तर शिक्षणातून संशोधनाकडे जाणारी वाट मात्र या मुलामुलींसाठी अद्यापही बिकट आहे. ती वाट कशी आहे, ती कोठे अडते आणि कोणते आधार उपलब्ध आहेत, याचा हा आढावा.

वारसा

या प्रश्नाला साताऱ्याच्या मातीत मोठा इतिहास आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव साताऱ्यातील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. हा दिवस राज्यात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. पुढे १९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ मध्ये एम.ए. झाले. त्यानंतर लंडनमध्ये त्यांचे संशोधन सुरू झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना ते अर्धवट सोडून परतावे लागले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. असामान्य बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यालाही केवळ पैशाअभावी तीन वर्षे संशोधनापासून दूर राहावे लागले, ही गोष्ट आजच्या चर्चेतही विसरता येत नाही.

दुसरा वारसा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. तेच पुढे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस म्हणून प्रसिद्ध झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने श्रम करून पदवी मिळविण्याची सोय झाली. या परंपरेत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालयही १९१९ मध्येच सुरू झाले होते.

आजची रचना

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि या भागातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पुणे-मुंबई गाठण्याची निकड उरली नाही. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील तीन महाविद्यालये एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ अस्तित्वात आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रवेशाचे स्वरूप बदलले आहे. एम.फिल. बंद झाली. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर पदवीशिवायही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना मुदतीत दोन वर्षांची वाढ, तसेच महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. जून २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरले जातात.

अधिछात्रवृत्तींचा आधार

नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती हा सर्वांत भक्कम आधार. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये व त्यानंतर ४२ हजार रुपये असा तिचा दर असून ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. तिला वयाची अट ३० वर्षांची आहे. मागासवर्गीय, दिव्यांग व महिला उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सूट असते.

राज्यात अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे सुपुत्र अण्णा भाऊ साठे यांच्या नावानेही मातंग समाजासाठी ‘आर्टी’ ही संस्था स्थापण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. दुसरीकडे, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली.

अडसर कोठे आहे?

योजनांची यादी लांब असली, तरी तिच्यातील दोन पोकळ्या गरीब विद्यार्थ्याला नेमक्या नडतात. पहिली पोकळी पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातली. राज्यातील संस्थांची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावरच मागता येते. त्याआधीच्या वर्षांत खोलीभाडे, खानावळ आणि परीक्षांचा खर्च घरूनच यावा लागतो. घरात कमावते हात मोजके असतील, तर पदवीनंतर मुलाने नोकरी धरावी आणि मुलीचे लग्न उरकावे, हाच निर्णय सोपा ठरतो.

दुसरी पोकळी नोंदणी आणि प्रत्यक्ष पैसे हाती येणे यांमधली. डिसेंबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी व महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी झालेली सामाईक परीक्षा प्रश्नपत्रिकेच्या वादामुळे जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली व तीही वादात सापडली. संपन्न घरातील संशोधक अशा काळात थांबू शकतो. मजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलाला ते परवडत नाही.

भाषेचा अडसरही लहान नाही. जत तालुक्याच्या सीमाभागातील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी आणि संशोधनाची इंग्रजी. नेटची पहिली प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. राज्याच्या सेट परीक्षेत मात्र ती मराठीतही मिळते. शिवाय एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. ओळखपाळख नसलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक शोधणे हेच पहिले संशोधन होऊन बसते.

चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. सुटीत मजुरीला जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही अट कठीण आहे. शिवाय संशोधन केंद्र नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयात ही सोय मिळेलच असे नाही.

पदवीच्या वर्षांतच तयारी

संशोधनाची ओळख पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच होणे आवश्यक आहे. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट असतो. बंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी एकत्रितपणे विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने नामवंत प्रयोगशाळांत काम करण्यासाठी अधिछात्रवृत्ती देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा राष्ट्रीय पदवीपूर्व विज्ञान उपक्रमही याच हेतूने २००४ मध्ये सुरू झाला. देशभरातील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयातील दोन-तीन प्रबंध चाळले, तरी प्रबंध कसा उभा राहतो याचा अंदाज येतो.

महाविद्यालयांनाही पुष्कळ करता येईल. कोणत्या योजनेचा अर्ज कोणत्या महिन्यात निघतो, कोणती कागदपत्रे लागतात, जात वैधता व उत्पन्नाचे दाखले केव्हा काढून ठेवावेत, याची माहिती प्रथम वर्षापासून देणारा एक जबाबदार शिक्षक प्रत्येक ठिकाणी असला, तरी मुदत हुकल्याने होणारे नुकसान टळेल. माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या छोट्या निधीतून अधिछात्रवृत्ती हाती येईपर्यंतचा सहा महिन्यांचा खर्च उसना देता येईल. ‘कमवा आणि शिका’मधील कामात बागकाम व कार्यालयीन मदतीबरोबर ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सर्वेक्षणाच्या कामांचा समावेश झाला, तर श्रमाचे मोल मिळतानाच संशोधनाची सवयही लागेल. शासनाने मात्र अधिछात्रवृत्तीची जाहिरात, निवड आणि वितरण यांचे वेळापत्रक ठरवून ते पाळले पाहिजे. त्याला निधीइतकेच महत्त्व आहे.