मामंजी, आत्याबाई आणि तांदळाचा पिंड

माझी आई सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणायची आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’. लग्नाआधी त्या दोघांशी तिचं काडीचंही नातं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, आदराने असंच म्हणत असतील. शब्दाचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला. मुलगी आत्याच्या मुलाला दिली की सासू आत्याच असते, आणि आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडे बऱ्याच घरांत मामाच म्हणतात. म्हणजे मुलाने मामाची मुलगी करायची, हा रिवाज आमच्या घरातून केव्हाच गेला होता. संबोधनं तेवढी मागे राहिली होती.

रिवाज जुना आहे, आणि त्यावरचं भांडणही तितकंच जुनं. बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या वादग्रस्त आचारांची पाच-पाचांची यादी आहे. उत्तरेकडचे लोकर विकतात, समुद्रावर जातात. दक्षिणेकडचे शिळं खातात, बायकोबरोबर जेवतात आणि मामाची किंवा आत्याची मुलगी करतात. पुढे कुमारिल भट्टाने तर टोमणाच मारला, की मामाची मुलगी मिळाली की दाक्षिणात्य खूश! दाक्षिणात्यांच्या हाती उत्तर तयार होतं. अर्जुनाची सुभद्रा कोण? कुंतीच्या भावाची, वसुदेवाची मुलगी. आणि रुक्मिणीच्या प्रद्युम्नाने विदर्भातल्या रुक्मीमामाचीच मुलगी केली होती. महाराष्ट्र या भांडणाच्या बरोबर सीमेवर बसला आहे, हे इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थांवरच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं. इथे मराठ्या-कुणब्यांत, पुष्कळ देशस्थांत मामाची मुलगी चालते. सख्खी भाची करण्याची दक्षिणेतली चाल मात्र इथे सहसा पचत नाही.

आता निषेधाचा शब्द पाहू. ‘सपिंड’.

आजोबांच्या श्राद्धाला गुरुजींच्या शेजारी बसून मी पिंड होताना पाहिले आहेत. मऊ भात, त्यात काळे तीळ, तूप, मध. मळून लिंबाएवढे तीन गोळे. दर्भावर एकेक ठेवायचा. एक वडिलांचा, एक आजोबांचा, एक पणजोबांचा. मग हाताला जो चिकट भात राहतो, तो धुवायचा नाही, दर्भाच्या मुळाशी पुसायचा. तो लेप त्यावरच्या तीन पिढ्यांचा. तीन पिंडाचे धनी, तीन लेपाचे, आणि सातवा आपण देणारा. धर्मशास्त्रातल्या ‘सात पिढ्यां’चा हिशेब असा हाताला चिकटलेल्या भातापर्यंत जातो.

पण लग्न ठरवताना भाताच्या गोळ्याचा काय संबंध? अकराशेच्या सुमारास कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि शब्दाचा अर्थच फिरवला. पिंड म्हणजे भाताचा गोळा नव्हे, देह. ज्यांच्या शरीरात एकाच देहाचे अंश उतरले आहेत ते सपिंड. मुलात बापाचे अंश, बापामार्फत आजोबांचे. तसेच आईचे, आणि आईमार्फत तिच्या वडिलांचे. त्यामुळे मामा आणि मावशीही सपिंड. मग त्याच्या लक्षात आलं की असं मोजत गेलं तर या अनादि संसारात सगळेच एकमेकांचे सपिंड ठरतील आणि लग्नच कुणाचं होणार नाही! म्हणून मर्यादा घातली: आईकडून पाच पिढ्या, बापाकडून सात. जनुक हा शब्द जन्मायच्या आठशे वर्षं आधी इतका स्वच्छ विचार केलेला पाहून मला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

त्याच सुमारास बापाच्या ओळीने चालणारं गोत्रही होतं, आणि व्यवहारात वरचष्मा त्याचाच राहिला. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून मामाची मुलगी ‘परकी’. वीस पिढ्यांपूर्वीचा एखादा ऋषी समान निघाला की मुलगी ‘बहीण’.

शरीर मात्र गोत्र पाहत नाही. समजा, आजोबांच्या एका जनुकात बिघाड आहे. जोडीतलं दुसरं जनुक धड असल्याने त्यांना काहीच त्रास नाही. तो बिघाड मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलीकडे निम्मी; तिथून एकेका नातवंडाकडे पुन्हा निम्मी. त्या मामे-आतेभावंडांचं लग्न झालं आणि दोघांकडूनही तोच बिघाड एकाच बाळात आला, तर बाळाला धड जनुक उरतच नाही. हा गुणाकार येतो ६४ मध्ये १. आजोबांची दोन आणि आजीची दोन अशी चार जनुकं धरली की १६ मध्ये १. असे दडलेले बिघाड आपण सगळेच थोडेथोडे बाळगून असतो. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच जन्मतात, आणि म्हणूनच ‘आमच्यात कुणाला काही झालं नाही’ असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या दोन घरांत देवघेव चालली की मात्र हिशेब वाढत जातो.

युरोपात याची धास्ती ज्याने घेतली त्याने स्वतः मामाचीच मुलगी केली होती. चार्ल्स डार्विनची एमा त्याच्या मामाची, जोसाया वेजवूडची मुलगी. लग्न १८३९चं. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. कारण नातंच होतं असं नाही, पण शंका त्याला कुरतडत राहिली. १८७१च्या शिरगणतीत नात्यातल्या लग्नांचा प्रश्न घाला, अशी त्याने खटपट केली, पार्लमेंटने नाकारली. पुरावा आला तो १९०२ साली. लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचे रुग्ण तपासताना आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरला दिसलं, की यांतल्या बऱ्याच जणांचे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मामे भावंडं आहेत.

आपल्याकडे कायद्याने १९४६ साली सगोत्र लग्नाची अडचण काढून टाकली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने विज्ञानेश्वराचा पाच-सातचा आकडा तीन-पाचवर आणला आणि भावाबहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं. पुढे एक पुस्ती जोडली: दोन्हीकडची रूढी तशी असेल तर चालेल.

गोत्र म्हणजे पूर्वजांचं जनुकशास्त्र, असं छातीठोक सांगणारे निरोप मोबाइलवर फिरत असतात. ते मला पटत नाहीत. शास्त्र म्हणून पाहिलं तर गोत्राने दूरचं दार लावलं आणि जवळचं सताड उघडं ठेवलं. दवाखान्यात ‘लग्न नात्यात झालंय का?’ असं विचारलं की ‘नाही, गोत्र वेगळं आहे’ असं उत्तर देणारी जोडपी मी पाहिली आहेत. तसं करू नका. दोघांचे आजी-आजोबा, पणजी-पणजोबा कुठे एक होतात का ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, आणि डॉक्टरांना तेच सांगा.