बार्शी लाइट : आमची अडीच फुटी गाडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून सेक्रेटरीसाहेब मागे लागले, तेव्हा मी म्हटलं, मला रेल्वेशिवाय दुसरं काय येतं! वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आपल्या सोसायटीत लातूर, बार्शी, पंढरपूरकडची बरीच घरं आहेत. त्यांना ती छोटी गाडी नक्की आठवेल.

मुंबई-सोलापूर ही मोठी लाइन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. कुर्डुवाडी स्टेशनाचं तेव्हाचं नावच मुळी ‘बार्शी रोड’! बार्शी ही कापसाची पेठ, पण माल बैलगाडीनं स्टेशनावर आणावा लागे. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं तिथं अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले आणि १८९७ साली गाडी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्याच वर्षी काल्थ्रॉप वारले. (याच गृहस्थांनी वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवलं होतं!) १९५४ मध्ये सरकारनं ही कंपनी ताब्यात घेतली.

आषाढीला टपावरसुद्धा वारकरी बसत. एरवी आम्ही पोरं गाडीची टिंगलच करायचो. पुण्याला कॉलेजात गेल्यावर सुट्टीत मित्र घरी आले, त्यांच्यापुढे मी ‘आमची खेळण्यातली गाडी’ म्हणून मोठ्यानं हसलो. वडील आतून ऐकत होते. रागावले नाहीत, पण रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

आता सगळं ब्रॉडगेज झालंय. लातूरची लाइन धाराशिववरून वळवली. जुन्या गाडीनं त्या गावाला कायम टाळलं होतं, तेव्हा हे चांगलंच झालं म्हणायचं.

निवृत्तीनंतर मी या लाइनचा इतिहास वाचायला घेतला. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, मग ते इंजिन असो की मालडबा, असा काल्थ्रॉप यांचा दंडक होता. त्यामुळे हलक्या रुळांवर भागलं, खर्च आवाक्यात राहिला आणि डबे मात्र चांगले लांब, भरपूर माल नेणारे करता आले. गाडी लहान होती ती अशी हिशेबानं. हे वडिलांना ठाऊक असणारच, ते आस रोज त्यांच्या हाताखालून जायचे. मी वाचलं तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.